हळदीच्या जमिनीतला ओढा

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला जो ओढा आहे तो देवानं केलेला नाही. माणसांनी खणला. त्याचा मधला तुकडा माझ्या जमिनीतून गेला आहे आणि ती जमीन मी दिली. आज गावात कुणालाही विचारा, ओढा माझ्या थोरल्या दिरांनी आणला असं सांगतील. दीर जाऊन कैक वर्षं झाली तरी तसंच सांगतात. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी चौथीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत. मराठी लिहायला वडिलांनी घरी शिकवलं. आमचं मराठी जुनं आहे, पुण्याकडची माणसं ऐकून हसतात. नातसून नाशिकची आहे, तिनं हे तपासून सरळ केलं. मजकूर मात्र तिला बदलू दिला नाही.

गाव कुंभकोणपासून चार मैलांवर, पापनाशम्‌च्या वाटेला, अरसलार नदीच्या काठी. नदीला उंच बांध आहे. बांधाच्या आतली जमीन ताटलीसारखी. कडेला आमची घरं आणि चांगली शेतं, तळाला चेरी, म्हणजे शेतमजुरांची वस्ती. आमच्याकडे खरा पाऊस ऐप्पसी आणि कार्तिगै या दोन महिन्यांत, दिवाळीच्या आगेमागे. तो पडला की सगळं पाणी ताटलीत गोळा व्हायचं. बांधाखाली जुनी दगडी मोरी होती, पण ती गाळानं बुजलेली, आणि तिच्यापर्यंत पाण्याला वाटही नव्हती. मजुरांच्या झोपड्यांत पंधरा-पंधरा दिवस पाणी उभं राहायचं. चुली पाण्याखाली, पोरं खाटांवर, शेळ्या बांधावर. आम्ही वरून बघायचो, दरवर्षीचंच आहे म्हणायचो आणि आत जायचो. मीही जायची. त्यात मी वेगळी होते असं दाखवायला मी लिहीत नाही.

मोरी आणि चेरी यांच्या मधोमध माझी जमीन होती. तीन मा, म्हणजे एकराच्या आसपास. ती माझी होती, आमची नव्हे. इकडे मुलीला लग्नात बाप जमिनीचा तुकडा देतो, त्याला मंजक्काणी म्हणतात. मंजळ म्हणजे हळद. मुलीला हळदीकुंकवासाठी नवऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये, म्हणून ती जमीन. मराठा राजांच्या मागून इकडे आलेल्या आमच्या घरांनी दोन-अडीचशे वर्षांत तमिळांच्या ज्या चार चांगल्या गोष्टी उचलल्या त्यातली ही एक. मंजक्काणीला सासरच्यांनी हात लावायचा नसतो. मागणं तर सोडाच, तिच्याबद्दल विचारणंही कमीपणाचं. दिरानं भावजयीची हळदीची जमीन मागितली असं कळलं तर गावात त्याला कुणी पानसुपारी दिली नसती.

माझ्या थोरल्या दिरांना हे पक्कं माहीत होतं. ते फार व्यवस्थित माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत. गावच्या पंचांत होते. मला लग्नानंतर दहा वर्षांत त्यांनी एकही वावगा शब्द बोललेला नाही. माझ्या यजमानांपेक्षा ते चौदा वर्षांनी मोठे, वडील गेल्यावर त्यांनीच यांना वाढवलं. हे कुंभकोणात पितळेच्या भांड्यांच्या दुकानात कारकून होते, सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळच्या बसनं यायचे. शेती सगळी थोरले बघायचे.

फाल्गुनात एक दिवस पुढारीण परसदारी आली. पुढारीण म्हणजे भातलावणीच्या बायकांची म्होरकी. तिच्या मागे पंचवीस-तीस बायका असायच्या. ती गाणं उचलायची, बाकीच्या झेलायच्या, आणि तिच्या चालीवर रोपं लागायची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, दात पानानं काळे, जिभेला हाड नाही. माझ्या जमिनीची लावणी तीच करायची. पहिल्या वर्षी मी बांधावर छत्री घेऊन उभी राहिले तेव्हा म्हणाली होती, "अम्मा, उन्हात कशाला तापता, आम्ही रोपं उलटी लावणार नाही." तेव्हापासून आमचं जमलं होतं.

त्या दिवशी मात्र ती गप्प होती. गोठ्याजवळ उभी राहून पदर चाळवत होती. मी विचारल्यावर म्हणाली, "मागायला आलेय म्हणून रागावू नका. मोठे अय्या म्हणाले, तुमच्या हातात आहे."

चेरीपासून मोरीपर्यंत एक ओढा खणायचा, पाणी नदीत सोडायचं, अशी गोष्ट होती. बाकी सगळी जमीन गावकीची, तिथे अडचण नव्हती. मधली माझी. एक पट्टा दिला तर झोपड्या बुडायच्या थांबतील. थोरल्यांनी तिला सांगितलं होतं की मी माझ्या तोंडानं भावजयीकडे मागू शकत नाही, तू जा, ती ऐकेल.

मला त्याचं कौतुक वाटलं. बघा, रीत मोडत नाहीत आणि गरिबाचं कामही करतात. शिवाय मी ऐकेन असं त्यांना वाटतं, याचाही थोडा फुगा झालाच.

रात्रीची जेवणं झाल्यावर यांना विचारलं. यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. "तुझी जमीन आहे. तू बघ," म्हणाले. माझ्या मनात आलं, किती शहाणा नवरा आहे.

चैत्रात दिवस बघून दान केलं. आमच्यात दान देताना तुळशीचं पान ठेवून घेणाऱ्याच्या हातावर पाणी सोडतात. पाणी हातावर पडलं की वस्तू गेली, मग कागद असो नसो. भटजींनी मंत्र म्हटले आणि विचारलं, घेणार कोण. मी म्हटलं चेरीसाठी आहे. भटजी म्हणाले, चेरीला हात कुठे असतो, कुणातरी माणसाचा हात हवा. थोरल्या दिरांनी पंचा सारखा केला आणि ओंजळ पुढे केली. म्हणाले, गावाच्या वतीनं मी घेतो.

मी पाणी सोडलं. पुढारीण तेव्हा परसात गोठ्याजवळच उभी होती, वीस हातांवर. तिला माजघरात बोलवायचं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही, तिच्याही आलं नसेल. तिच्या हातावर पाणी सोडायचं म्हणजे काय, हे वाक्यसुद्धा त्या काळी कुणी उच्चारलं नसतं. मीही नाही. माझी चूक झाली ती इथे. पुढचं सगळं इतरांनी केलं.

जाऊबाई पानं वाढताना म्हणाल्या, "आता हळद आमच्याकडून उसनी न्यायची हो." सगळे हसले. मीही हसले.

खणायचं काम उन्हाळ्यात झालं. नदी कोरडी, जमीन भेगाळलेली. घरटी एक माणूस द्यायचा ही कालवे उपसायची जुनी पद्धत. कडेच्या घरांनी आपापल्या गड्यांना पाठवलं आणि गडी सगळे चेरीतलेच, म्हणजे खणलं कुणी ते सांगायला नको. बायकांनी पाट्या वाहिल्या. मी ताकाचे हंडे पाठवायची, मग स्वतःच जाऊ लागले. दहा पावसाळे मी माझ्या जमिनीत पाणी कुठून शिरतं आणि कुठे घोटाळतं ते बघितलं होतं. पहिल्या पाण्याला मरळ मासे प्रवाहाच्या उलटे चढतात, ते ज्या वाटेनं चढायचे तीच खरी उताराची वाट. ती सरळ नव्हती. एका ठिकाणी लव्हाळ्याला वळसा घालून जायची. पंचांनी आखलेली दोरी सरळ होती. पुढारीण आणि मी दोरी उपटून वळशावर लावली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पंचांनी विचारलं, दोरी कुणी हलवली. ती म्हणाली, "माशांनी."

काठ उभे कापायचे नाहीत असं तिनं ठरवलं. उतरते ठेवायचे, म्हणजे पोरगं पडलं तर चढून येईल, बदकालाही चढता येईल. वळशाजवळ पुरुषभर खोल डोह केला, उन्हाळ्यात मासळी जगावी म्हणून. मासळी जगली तर पहिल्या पाण्याबरोबर भातात शिरते आणि किडे खाते, खत-औषध लागत नाही. दोन्ही काठांना आठ-आठ हात जमीन न नांगरता सोडली. तिथे केवडा लावला, वेळूची बेटं लावली, बाकी जे उगवेल ते उगवू दिलं. मोरी उपसून साफ केली. तिच्या तोंडाशी दगडात दोन खाचा होत्या. नदी चढली की खाचांत आडव्या फळ्या टाकायच्या, पाणी आत येत नाही. नदी उतरली की फळ्या काढायच्या, ताटली मोकळी होते. फळ्या चोरीला जाऊ नयेत म्हणून थोरल्यांनी वरून लोखंडी दांडा बसवून त्याला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या कमरेला. मला त्यातही काही वाटलं नाही. गावातल्या सगळ्याच किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या.

ओढ्याला लागूनच थोरल्यांची एक उंचवट्याची जमीन होती. तिथे कधी भात झाला नाही, पाणीच चढायचं नाही. आम्ही खणत होतो तेव्हा त्या जमिनीत हादग्याची रोपं कमरेइतकी आली होती, ओळीत पेरलेली. पुढारीण म्हणाली, मोठ्या अय्यांच्या गायी यंदा मजेत दिसतात. हादग्याचा पाला गुरं आवडीनं खातात, म्हणून मलाही तसंच वाटलं. आषाढात त्या हादग्याच्या बुडाशी पानवेली लागल्या, त्याच्यावरच चढवायला. कुंभकोणचं विड्याचं पान कुठल्या कुठे जातं, त्यामुळे कुणी पानमळा लावला तर आश्चर्य नाही. पानवेलीला रोज पाणी हवं, उन्हाळ्यातही हवं. थोरल्यांनी जाऊबाईंकरवी हसत विचारलं, नदीत वाहून जाणारं पाणी आहे, त्यातलं थोडं मी घेतलं तर कुणाचं काय जातं. मी म्हटलं, घ्या की.

ऐप्पसीत पाऊस आला. तीन दिवस कोसळला. चौथ्या दिवशी मी बांधावर गेले तर ताटलीत नुसता चिखल. पाणी ओढ्यातून धावत मोरीत जात होतं, वळशाशी फेस येत होता. चेरीतल्या चुली पेटलेल्या होत्या. पुढारणीनं मला लांबून बघितलं आणि दोन्ही हात वर केले. दिवाळीला तिनं फणसाच्या पानात बांधून गूळ-पोहे पाठवले. आमच्या घरात चेरीतलं खात नसत. मी परसात बसून खाल्ले.

पक्षी तेव्हाच यायला लागले. आधी ढोकरी, त्या तर कुठेही येतात. मग पाणकोंबड्या, खंड्या, पाणकावळे. चोच मिटत नाही असे राखी करकोचे आले, गोगलगायी फोडत दिवसभर उभे राहायचे. मार्गशीर्षात डोहाशी पाणमांजराची जोडी दिसली. चेरीतले म्हातारे म्हणाले, लहानपणी पाहिली होती, नंतर आज. हे सगळं मला आवडायचं. काम आटपून रोज जायची. आवडायचं हे लिहायला हवं, नाहीतर पुढचं कशाबद्दल आहे ते कळणार नाही.

पण त्याच्या आधीची, कार्तिगैची गोष्ट राहिली. पाऊस संपत आल्यासारखा झाला आणि थोरल्यांनी मोरीच्या फळ्या टाकल्या. नदी काही चढलेली नव्हती. पुढारणीनं मला येऊन सांगितलं. मी जाऊबाईंकरवी विचारलं, कारण दिराशी समोरासमोर बोलायची पद्धत कमी. उत्तर आलं, पाऊस गेला, थोडं पाणी धरून ठेवतो, चेरीला त्रास होणार नाही. मी तेच उत्तर पुढारणीला दिलं. ती "तुम्ही सांगता म्हणून," म्हणाली आणि गेली.

आठ दिवसांनी वादळ आलं. पहाटे वारा सुटला, सकाळी नारळ मोडायला लागले. बस बंद, म्हणून हे घरीच. थोरले आदल्या दिवशी कुंभकोणला लग्नाला गेले होते, तिकडेच अडकले. दुपारपर्यंत एवढा पाऊस झाला की परसातून ओढ्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही. मी गोणपाट डोक्यावर घेऊन बांधावर गेले. ताटली भरली होती. झोपड्या कमरेपर्यंत पाण्यात. नदी अर्धीसुद्धा नव्हती, फळ्यांच्या पलीकडे दोन पुरुषभर खाली वाहत होती. अलीकडे पाणी फळ्यांच्या माथ्याला टेकलेलं.

मोरीवर चेरीतले आठ-दहा पुरुष उभे होते. हातात पहारी होत्या. कुलपाला कुणी हात लावत नव्हतं. आज वाचणाऱ्याला वाटेल, का नाही लावला. मालकाचं कुलूप तोडलं तर त्या काळी झाडाला बांधून मारत. पुढारीण छातीभर पाण्यातून चालत आली आणि एवढंच म्हणाली की किल्ली आणा.

मी धावत घरी आले. हे ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. मी सांगितलं, पहार घ्या आणि चला, कुलूप तोडायचं आहे.

"अण्णांना येऊ दे."

मी म्हटलं, तोवर भिंती पडतील. मातीच्या आहेत.

"अण्णांना विचारल्याशिवाय फळ्यांना हात लावायचा नाही असं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय? कधी?"

ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "हादगा पेरला तेव्हाच."

हादगा पेरला होता माघात. पुढारीण माझ्या परसदारी आली ती फाल्गुनात. मी यांना विचारलं ते त्याच रात्री. तेव्हा शेतात हादगा बोटभर उगवलेला होता आणि ह्यांना तो कशासाठी आहे ते माहीत होतं. ओढा पानमळ्यासाठी होता. झोपड्या मला दाखवायला होत्या. माझी जमीन मागता येत नव्हती, म्हणून मला ती द्यायला लावली, आणि ती मागायला अशा बाईला पाठवलं की जिला मी नाही म्हणणार नाही. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं असं म्हणणार नाही. तेव्हा फक्त एवढं कळलं की नवरा उठणार नाही.

पहार मीच घेतली. बाईच्या हातानं कुलूप तुटतं का, तुटतं. तीन घावांत तुटलं. मला झाडाला कोण बांधणार होतं? पण फळ्या फुगून खाचांत घट्ट बसल्या होत्या. दोर बांधून सगळ्या पुरुषांनी ओढलं तेव्हा एकेक निघाली. संध्याकाळपर्यंत पाणी निम्मं झालं. तोवर चेरीतल्या निम्म्याहून जास्त घरांच्या भिंती बसल्या होत्या. पुढारणीचं घर गेलं. कणगीतलं भात, खायचं आणि बियाण्याचं दोन्ही, पाण्यात भिजलं. दोन शेळ्या खुंट्यालाच मेल्या. माणूस कुणी गेलं नाही.

थोरले तिसऱ्या दिवशी आले. मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, जमीन मी चेरीसाठी दिली होती, तुम्ही ओढ्याचं पाणी पानमळ्यासाठी का अडवलंत.

ते रागावले नाहीत. पाटावर बसून जाऊबाईंनी आणलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाणी माझ्या हातावर सोडलंस ना? मग पुढचं मी बघेन."

तुटलेल्या कुलपाबद्दल मात्र त्यांनी एक शब्द काढला नाही. आठवड्यात नवं कुलूप लागलं, आधीच्यापेक्षा मोठं. फळ्याही नव्या, सागाच्या.

चेरीतली माणसं नदीच्या बांधावर ताडपत्र्या लावून राहिली होती. मी गेले. आमच्या घरातली बाई तिथपर्यंत कधी गेली नव्हती, पण आता कोण बघतं याचं मला काही उरलं नव्हतं. पुढारीण ओलं भात चटईवर पसरत होती. त्याला वास येत होता. मी सगळं सांगितलं. मला माहीत नव्हतं, मलाही फसवलं, माझ्या नवऱ्यानंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. भात उलटं करत राहिली.

मग म्हणाली, "तुम्हाला फसवलं ते तुमच्या माणसांनी. मी माझ्या माणसांना काय सांगू? मीच म्हटलं होतं, अम्मांचा शब्द आहे, खणा."

मी म्हटलं, उरलेली जमीन तुला देते. ओढ्यानं तिचे दोन तुकडे केले होते, वरचा बरा होता.

"पाणी सोडून?" तिनं विचारलं.

मी खाली बसून तिच्यासारखं भात उलटायला लागले.

"कागदावर द्या," ती म्हणाली.

पौषात आम्ही पापनाशम्‌ला गेलो. एकाच बसनं, ती मागे, मी पुढे. कचेरीतल्या कारकुनानं तीनदा विचारलं, दान कुणाला, नातं काय. तिनं अंगठा उठवला, मी सही केली. दोन्ही तुकडे दिले. हळदीच्या जमिनीतलं काही माझ्याकडे ठेवलं नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मला विचारायचं होतंस," म्हणाले.

"मागच्या वेळी विचारलं होतं," मी म्हटलं.

पुढच्या आषाढात लावणीच्या बायका आमच्या घरच्या कुठल्याच शेतात आल्या नाहीत. थोरल्यांना स्वामीमलैच्या बाजूनं बायका आणाव्या लागल्या, त्यांची लावणी वाकडीतिकडी झाली. पानमळा मात्र फार चांगला आला. उन्हाळाभर ओढा तुडुंब, वेली हिरव्यागार. चेरीची माणसं परत ताटलीत गेलीच नाहीत. तिथे आता बारा महिने पाणी राहायला लागलं.

दीड वर्षानं जाऊबाई भाजी निवडताना सहज म्हणाल्या, तुमच्या पुढारणीनं जमीन विकली. मी विचारलं, कुणाला. त्या भाजीकडे बघत म्हणाल्या, "आम्हालाच."

मी तशीच उठून गेले. पुढारीण आता शेजारच्या गावाच्या वाटेवर उंच जागी राहत होती. विटांचं जोतं, वर कौलं. अंगणात भात वाळत होतं, तिच्या सुनेच्या हातात काठी, कोंबड्या हाकलत होती. पुढारणीनं मला बघितलं आणि मी कशाला आले ते तिला कळलं.

"त्यांनाच का?" मी विचारलं.

"दुसरं कोण घेणार? पाण्याची किल्ली त्यांच्याकडे. तिथे मी भात लावला असता तर बुडवला असता त्यांनी, आणि नाही बुडवला तरी मी रोज उठून त्यांच्या फळ्या बघत बसले असते." तिनं अंगणातल्या भाताकडे बोट केलं. "मला सुकी जमीन हवी होती, अम्मा. तुमची ओली होती."

मला राग आला. माझ्या वडिलांनी दिलेली जमीन शेवटी त्याच माणसाच्या पानमळ्यात गेली होती. जमीन तिची होती, कागद तिचा होता. पण राग आला, आणि तो पुष्कळ दिवस राहिला. ती बसा म्हणाली, मी बसले नाही.

बांधावरून परत आले. खाली जिथे चेरी होती तिथे लव्हाळा वाढला होता. पडलेल्या भिंतींचे मातीचे उंचवटे पाण्याबाहेर होते, त्यांच्यावर पाणकोंबड्यांनी घरटी केली होती. एका जुन्या जोत्यावर पंधरा-वीस करकोचे ऊन खात उभे होते. पुढे तर ते हजारांनी यायला लागले, कुंभकोणहून शाळेची मुलं बघायला येतात, मास्तर त्यांना माझ्या दिरांचं नाव सांगतात. जागा सुंदर आहे. मी फसवली गेले म्हणून ती कुरूप दिसावी असं मला खूप वाटायचं, पण दिसत नाही.

घरी आले तेव्हा यांनी विचारलं, कुठे गेली होतीस. मी पाटपाणी घेतलं. त्यानंतर आम्ही एकतीस वर्षं संसार केला. मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. एवढ्या वर्षांत मी यांना एकदाही काही विचारलं नाही. भात वाढू का, एवढं सोडून.